नैवेद्याच्या ताटल्या

प्यो ओक-बूनला कुणी विचारले की तुम्ही काय काम करता, तर ती सांगायची, "उंदरांच्या पोटातलं काहीतरी वेचते." विचारणारा तोंड वाकडे करायचा आणि विषय बदलायचा. ओक-बूनला ते बरेच वाटायचे. कारण आणखी खोलात विचारले असते तर तिला सांगता आले असते की नाही, कोण जाणे.

कोरियातल्या देगू शहरात, एका मेडिकल कॉलेजच्या मागच्या अंगाला, उंदीरखान्याला लागून एक अरुंद खोली होती. खिडकीबाहेर एक पर्सिमनचे झाड. त्या खोलीत ओक-बून चोवीस वर्षे सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसली. उंदराचे स्वादुपिंड औषधात घालून विरघळवले की त्यात राळ्याच्या दाण्याहूनही बारीक, पिवळसर पांढरे कण मोकळे होतात. डॉक्टर लोक त्यांना बेटे म्हणतात. शरीरातल्या साखरेचा सगळा कारभार त्या बेटांकडे. एका उंदराच्या पोटातून दीडदोनशे निघतात. ती एकेक करून बारीक काचनळीत ओढून घ्यायची आणि स्वच्छ ताटलीत सोडायची. घाई केली की बेट फुटते, आणि वेळ लावला तर मरते. ओक-बूनच्या हातून क्वचितच फुटले असेल.

हा हात तिला सोलमधल्या टोपांच्या कारखान्यात मिळाला होता. सोळाव्या वर्षी गाव सोडून ती तिथे गेली तेव्हा अमेरिकेतल्या बायकांसाठी केसांचे टोप बनायचे. जाळीच्या एका घरात एक केस ओवायचा, गाठ मारायची, की पुढचे घर. चार वर्षे तेच. पुढे लग्न झाले, देगूला आली, आणि कॉलेजात काचेची भांडी धुवायला लागली. एकदा बेटे वेचणारा माणूस आजारी पडला. आताचे प्रयोगशाळेचे प्रमुख ग्वाक सर तेव्हा तरुण होते. त्यांनी सहज विचारले, "प्योबाई, जमेल का हो?" तिने नळी हातात घेतली ती घेतलीच.

आता ती एकोणसाठ वर्षांची होती आणि डिसेंबरअखेर निवृत्त होणार होती. सगळे सुरळीत चालले होते. आकडे उलटे यायला लागले ते सप्टेंबरात.

काम मिन डॉक्टरचे होते. मिन जू-ओन ही बत्तीस वर्षांची मुलगी, सरांच्या हाताखाली संशोधन करायची. बोलायला गोड आणि चालायला वादळ. तिने ओक-बूनला समजावून सांगितले होते, "हे बघा मावशी, बेटात मुख्यतः तीन जातींच्या पेशी. पहिली जात साखर उतरवणारा रस सोडते. या सगळ्यात जास्त, मधोमध बसतात. दुसरी जात साखर चढवणारा रस सोडते, त्या कडेकडेनं. आणि तिसरीच्या थोड्याच, पण त्या दोघींनाही गप्प करतात."

"म्हणजे सासू," ओक-बून म्हणाली.

"सासूच! आता मला बघायचंय, बेट मोडून या पेशी सुट्या केल्या, तर चढवणाऱ्या एकेकट्या कशा वागतात. आधी कमी साखरेचं पाणी द्यायचं, मग जास्त साखरेचं. साखर वाढली की त्यांनी रस कमी सोडला पाहिजे. साखर भरपूर असताना आणखी चढवायची कशाला?"

इतके ओक-बूनलाही कळले. तिच्या नवऱ्याला, पिल-सूला, मधुमेह होता. तो आयुष्यभर शहरात बस चालवलेला माणूस. तो म्हणायचा, "एक ब्रेक आणि एक ॲक्सिलरेटर. आमच्या बसला असतात तसे. माझ्या गाडीचा ब्रेक गेलाय, एवढंच."

ओक-बूनने बेटे वेचली, औषधाने मोडली, पेशी चिकट ताटल्यांत लावल्या. या ताटल्यांच्या तळाला न दिसणारा लेप असतो, त्यामुळे पेशी जिथल्या तिथे, एकमेकींपासून लांब बसून राहतात. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही पाणी दिले, वरचे पाणी काढून नळ्यांत भरले, नळ्यांवर लिहिले आणि मोजायला पाठवले.

आकडे आले ते उलटे. कमी साखरेत रस कमी, जास्त साखरेत रस जास्त.

मिन डॉक्टरने कागद वरखाली फिरवून पाहिला. "मावशी, नळ्यांची अदलाबदल तर नाही ना झाली?"

"नाही बाई, मला तरी नाही वाटत."

"होतं कधी कधी. परत करू या."

परत केले, तरी उलटेच. तिसऱ्यांदाही तेच. या वेळी मिन डॉक्टरने कागद घडी घालून खिशात ठेवला. पण ओक-बून ताटल्या धूत होती तेव्हा शेजारच्या खोलीतून सरांचा आवाज आला, "वय झालंय त्यांचं. वेचायला ठेवा, नळ्या दुसऱ्या कुणाकडे द्या. हळूच सांगा पण, मनाला लावून घेतील."

मिन म्हणाली, "मलाही कसंतरी वाटतं, सर. चोवीस वर्षं..."

ओक-बूनने नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिले.

तिला रागही आला नाही, वाईटही वाटले नाही. तिला भीती वाटली. तिची आई साठीला टेकली आणि एके दिवशी रबरी चपला तांदळाच्या डब्यात सापडल्या. सगळे हसले. आईसुद्धा हसली. मग इस्त्री सापडली ती लोणच्याच्या रांजणात. त्यानंतर मात्र कुणी हसले नाही. शेवटची सहा वर्षे आई ओक-बूनला 'ताई' म्हणायची आणि मला घरी सोड म्हणून विनवायची. मेंदूचे ते दुखणे तिच्याही वाट्याला येणार का, हा प्रश्न ओक-बूनने आजवर कपाटाच्या मागे सारून ठेवला होता. तो आता खोलीच्या मधोमध येऊन बसला. कमी आणि जास्त, एवढे साधे दोन शब्द ज्या बाईला नळीवर सरळ लिहिता येत नाहीत, तिचे काय चालले आहे?

त्या संध्याकाळी घरी येताच तिने तांदळाचा डबा उघडून पाहिला. तांदूळ होते. मापाचा पेला होता.

"आज काय, तांदूळ मोजतेस?" पिल-सूने टीव्हीवरून नजर न काढता विचारले.

"अहो, मी हल्ली काही विसरते का हो?"

"मला जेवायला द्यायला विसरतेस. सात वाजले."

"थट्टा नको. खरं सांगा."

त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. "परवा माझी सुई टोचायची वेळ कुणी सांगितली? तू. माझ्या भावाच्या श्राद्धाची तारीख कुणाच्या लक्षात होती? तुझ्या. मी स्वतःचा फोन खिशात ठेवून घरभर शोधत होतो, तो कुणी दाखवला? तरी म्हणशील, मला खूळ लागलंय."

हे सगळे खरे होते. पण आईलाही श्राद्धाच्या तारखा शेवटपर्यंत पाठ होत्या.

दुसऱ्या दिवशी ओक-बूनने शिवणाच्या डब्यातून लाल आणि पांढरा दोरा पर्समध्ये टाकला. टोपांच्या कारखान्यात लांब केस आणि आखूड केस यांच्या जुड्या मुली अशाच ओळखायच्या. लिहितावाचता न येणाऱ्या मुली होत्या, त्यांचे कधी चुकले नाही. जास्त साखरेचे पाणी नळीत भरले, की भरता भरताच तिने नळीच्या मानेला लाल दोऱ्याची गाठ मारली, कमी साखरेच्या नळीला पांढऱ्याची. चौथ्यांदा तिने सगळे असे केले. गाठी मारताना तोंडाने म्हणतही होती, "लाल जास्त, पांढरा कमी."

मिन डॉक्टर दारातून बघत होती. "दोरे कशाला, मावशी?"

"असू दे. म्हातारीची सवय."

आकडे आले. लाल दोऱ्याच्या नळीत रस जास्त. म्हणजे उलटेच.

आता कुणी म्हणेल, झाले की सिद्ध, हात चुकत नव्हता. पण भीतीने घेरलेल्या माणसाची बुद्धी अशी चालत नाही. ओक-बूनला वाटले, मी दोराच चुकीचा बांधला असेन. आईसुद्धा म्हणायचीच की, मी चपला दारातच ठेवल्या होत्या.

ऑक्टोबर उजाडला. दर वर्षी या महिन्यात कॉलेजात मेलेल्या जनावरांचे श्राद्ध असायचे. उंदीरखान्यासमोरच्या चौथऱ्यावर एक दगड आहे, त्याच्यापुढे टेबल मांडायचे, पांढरा कागद अंथरायचा, फळे, तांदळाच्या वड्या आणि तांदळाची पांढरी दारू ठेवायची. आणि ज्यांचे श्राद्ध, त्यांच्या आवडीचे नको का? म्हणून उंदरांचे खाणे, गाजराच्या चकत्या, सूर्यफुलाच्या बिया. हा उंदरांचा नैवेद्य पहिल्यापासून प्रयोगशाळेतल्याच साध्या गोल ताटल्यांत वाढायची पद्धत होती. ताट मांडायचे काम ओक-बूनचे. त्या दिवशी कुणी जनावराला किंवा त्याच्या पेशींनाही हात लावायचा नाही, असा ग्वाक सरांचा नियम होता, आणि या एका बाबतीत सर फार कडक.

या वर्षी ते शुक्रवारी आले. मिन डॉक्टरला मात्र धीर नव्हता. "मावशी, गुरुवारी पेशी लावून ठेवा ना. सोमवारी पाणी देऊ. नळ्या..." ती अडखळली. "नळ्या मी भरू का या वेळी?"

"मला एकदा भरू द्या," ओक-बून म्हणाली. "परत उलटं आलं तर मी स्वतःच सांगीन की माझ्याकडे देऊ नका."

मिनने होकारार्थी मान हलवली.

गुरुवारी ओक-बूनने एका बाजूला पेशी लावल्या आणि दुसऱ्या बाजूला उद्याच्या ताटल्या काढून ठेवल्या. दिवस धांदलीचा होता. गाजरे आणायची राहिली होती. शुक्रवारी सगळे काळे कपडे घालून दगडापुढे उभे राहिले, दोनदा वाकले. सरांनी उंदरांना उद्देशून चार ओळी वाचल्या. तुमच्या जिवावर आम्ही शिकतो, आमचे उपकार नाहीत, तुमचे आहेत, अशा अर्थाच्या. चिमण्यांनी सूर्यफुलाच्या बिया पळवल्या, त्यांना उंदरांनीच पाठवले असेल, असे कुणीतरी म्हणाले. ओक-बूनने ताटल्या उचलल्या, धुतल्या आणि पालथ्या घातल्या.

सोमवारी तिने पेशींची ताटली सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशी सुट्या नव्हत्याच. उपास मोडायला बायका एकत्र जमाव्यात तशा पाचपन्नास, शंभर शंभर एकमेकींना धरून गोळे करून बसल्या होत्या. मोडलेली बेटे जणू पुन्हा जमली होती.

नियम असा, की गुठळ्या झाल्या तर ताटली फेकून द्यायची. ओक-बूनने ती कचऱ्याच्या डब्यावर धरलीही. पण परवाच ज्यांच्यापुढे वाकलो, ते हेच उंदीर. त्यांना सोमवारी कचऱ्यात टाकायला तिचा हात होईना. तिने ताटली परत आणली, पाणी दिले, नळ्या भरल्या, लाल-पांढऱ्या गाठी मारल्या. मिन डॉक्टर बैठकीला गेली होती. सांगायला कुणी नव्हते, आणि खरे म्हणजे कुणी नव्हते हे तिला बरेच वाटले.

बुधवारी मिन डॉक्टर कागद नाचवत आली. "मावशी! सरळ आलं! साखर वाढली, रस निम्म्याहून खाली! या वेळी नळ्या बरोब्बर भरल्यात तुम्ही!"

मागून सर आले. हसत म्हणाले, "बघा प्योबाई, लक्ष दिलं की होतं. दोऱ्याची युक्ती चांगली काढलीत."

ओक-बूनने वाकून मान तुकवली. पण तिच्या डोक्यात भुंगा शिरला. मागच्या खेपेलाही याच गाठी मारल्या होत्या, हाच हात होता. मग तेव्हा चुकले आणि आत्ता बरोबर आले, की तेव्हा बरोबर होते आणि आत्ता चुकले? आणि हे ठरवायला तिच्याकडे काय होते, तर तिचेच डोके, ज्याचा तिला भरवसा नव्हता.

दुपारी ती पालथ्या घातलेल्या ताटल्या पुसून खोक्यात भरत होती. नैवेद्याच्या ताटल्या. एकीच्या काठावर हिरवा ठिपका दिसला. तिने दुसरी उचलली, त्यावरही हिरवा ठिपका. हिरवा ठिपका म्हणजे लेप दिलेली, चिकट ताटली.

ओक-बून स्टुलावर बसली. गाजराच्या चकत्या चिकट ताटल्यांत वाढल्या गेल्या होत्या. आणि गाजरांच्या साध्या ताटल्यांत, जिथे पेशींना चिकटून बसायला काहीच नाही, तिथे पेशी गेल्या होत्या. चार दिवस त्या तरंगत राहिल्या आणि तरंगता तरंगता एकमेकींना सापडल्या.

चपला तांदळात, तसे हे.

ती गप्प राहिली असती तर कुणालाही कळले नसते. सर खूश होते, मिन डॉक्टर खूश होती. दोन महिन्यांनी फुलांचा गुच्छ घेऊन ती घरी गेली असती. पण मिन डॉक्टर उद्या सुट्या पेशी समजून तेच परत करील, आकडे पुन्हा उलटतील आणि पुन्हा शोधत बसेल. ओक-बूनने हिरव्या ठिपक्याची एक ताटली घेतली आणि दार वाजवले.

"डॉक्टरबाई, मी चुकले."

"आता काय झालं?"

"तुमच्या पेशी मी उंदरांच्या ताटात वाढल्या. आणि गाजरं तुमच्या ताटात. पेशींचे गोळे झाले होते. फेकायला हवे होते, मी फेकले नाहीत. ते सरळ आकडे गोळ्यांचे आहेत." ती एका दमात बोलली आणि मग म्हणाली, "माझ्या आईला असंच सुरू झालं होतं."

मिन डॉक्टर एकदम उठली. "उरलेली ताटली आहे? फेकली नाही ना?"

"शेगडीत आहे." उबेच्या पेटीला ओक-बून शेगडीच म्हणायची.

दोघी त्या अरुंद खोलीत गेल्या. मिनने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखी म्हणाली, "एकट्या असल्या की वेड्यासारख्या वागतात. शेजारीण लागते यांना."

"कोणाला?"

"चढवणाऱ्यांना, मावशी. साखर वाढलेली त्यांना एकट्यांना नीट कळतच नसावी. शेजारची उतरवणारी रस सोडते, तो लागला की ही गप्प होते. शिवाय उतरवणारी त्या तिसरीलाही उठवते, मग तिसरी हिला आणखी दाबते."

"आणि उतरवणारीला कोण सांगतं?"

"साखरच सांगते. पण चढवणारीसुद्धा तिला ढोसते, म्हणे. जेवणानंतर जास्त सोड म्हणून."

"अहो, म्हणजे ही तिला ढोसते, ती हिला गप्प करते, आणि तिसरी दोघींना दाबते. मग घरात मालकीण कोण?"

मिन हसली आणि मग हसायची थांबली. "मला नाही माहीत. बहुतेक कुणी नसावी."

ओक-बूनला हे काही पटले नाही. पिल-सूच्या बसला ड्रायव्हर होता. टोपांच्या कारखान्यात मुकादम होता. कोबीची किमची घालायला आळीतल्या बारा बायका जमल्या तरी मीठ किती ते एकटी थोरली जाऊ ठरवायची. ज्याला कुणी मालक नाही, त्याचा कारभार चालतो कसा?

"ते राहू दे," ती म्हणाली. "माझं काय?"

मिनला प्रश्न कळला. ती म्हणाली, "उद्या परत करू. दोन्ही ताटल्या शेजारी शेजारी. हिरव्या ठिपक्यातल्या आणि साध्यातल्या. तुम्ही फक्त वेचा. सुट्या करणं, पाणी, नळ्या, लिहिणं, सगळं मी करीन. तुम्ही हात लावायचा नाही."

तसेच केले. साध्या ताटल्यांना चार दिवस दिले. ओक-बून दाराशी स्टुलावर हात मांडीत घेऊन बसली आणि मिनचा गबाळा हात नळ्या भरताना बघून आतल्या आत चरफडली. दोनदा मिनने पाणी सांडले. शेवटी न राहवून ओक-बून म्हणाली, "बाई, दोरा तरी बांधा."

"तुम्ही द्या, मी बांधते."

आकडे आले तेव्हा दोघींनी कागद एकत्र पाहिला. सुट्या पेशींचे उलटे, गोळ्यांचे सरळ. मिनच्या हातून, मिनच्या अक्षरात.

मिनने सरांना बोलावले नाही. ती आधी ओक-बूनकडे वळली, दोन्ही हात पोटाशी जोडून खाली वाकली, अगदी कमरेत. "मावशी, नळ्या तुम्ही एकदाही चुकवल्या नव्हत्या. पाचही वेळा बरोबर होत्या. मला माफ करा."

ओक-बून गडबडून उठली. "अहो, असं काय करता! उठा." आणि मग तिने विचारले, "पण ताटल्या तर मीच चुकवल्या ना?"

मिनला खोटे बोलता आले असते. ती म्हणाली, "हो. त्या चुकवल्या."

"मग?"

"मग काय? मला पुन्हा तसंच हवंय, डिसेंबरपर्यंत. गोळे."

संध्याकाळी ओक-बून घरी निघाली. बसमध्ये ती सगळे पुन्हा लावून बघत होती. जे चुकले म्हणत होते ते चुकले नव्हते. जे चुकले ते तिला दिसलेही नव्हते, आणि त्यातूनच मिनचे काम झाले. आता यातून तिच्या डोक्याबद्दल काय धरायचे, चांगले की वाईट? एक स्टॉप पुढे गेल्यावर तिच्या ध्यानात आले की उतरायचे राहिले. पण तो स्टॉप तर लोक रोजच चुकवतात, आणि ती विचारात होती. की नव्हती?

घरात शिरल्या शिरल्या तिने तांदळाचा डबा उघडला.

"काय शोधतेस रोज रोज त्यात?" पिल-सू खेकसला.

"चपला."

पिल-सू उठला, दाराशी गेला आणि वाकून पाहिले. "माझ्या इथे आहेत. तुझ्या पायात आहेत. काढायच्या राहिल्यात बाहेर, माझे आई!"

ओक-बूनने खाली पाहिले. खरेच, पायात होत्या. ती आधी घाबरली. मग पिल-सूच्या पायांकडे तिचे लक्ष गेले. एका पायात निळा मोजा होता, दुसऱ्यात करडा.

"आणि हे हो काय?" ती म्हणाली.

त्याने पाय उचलून पाहिला, एक, मग दुसरा. "सकाळपासून असेच असणार," तो म्हणाला. "कुणीही सांगितलं नाही घरात."

ओक-बून दाराशी गेली, चपला काढून त्याच्या चपलांशेजारी लावून ठेवल्या. मग परत येऊन दोन पेले तांदूळ मोजले आणि डब्याला झाकण लावले.